उदासीची बांधणी : 'टायडल' आणि गीतलेखनाचा पाठ

गीत शिकवताना आपण बहुधा अर्धेच शिकवतो. फळ्यावर शब्द लिहितो, मात्रा मोजतो, प्रतिमा उलगडून दाखवतो आणि मध्यवर्ती कल्पना सांगून तास संपवतो. चाल ही संगीतशिक्षकाची बाब म्हणून बाजूला राहते. कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा असेल तिथे ही वाटणी काही अंशी चालून जाते. 'गीतरामायणा'तील ५६ गीते ग. दि. माडगूळकरांनी लिहिली, सुधीर फडके यांनी ती स्वरबद्ध केली आणि १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली. त्यांतील शब्द पुस्तकाच्या पानावरही उभे राहतात. पण लिहिणारी, चाल बांधणारी, गाणारी आणि वाजवणारी व्यक्ती एकच असेल, तर नुसते शब्द वाचून आपल्या हाती काय लागते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी या लेखात एक परकी ध्वनिमुद्रिका घेतली आहे. अमेरिकन गायिका-गीतकार फिओना ॲपल हिचा १९९६ सालचा हा पहिला अल्बम, 'टायडल'. टायडल म्हणजे भरती-ओहोटीचा.

निवडीला कारण आहे. मी गोव्यात उच्च माध्यमिक वर्गांना मराठी शिकवते. माझ्या वर्गात असे विद्यार्थी असतात की ज्यांच्या घरी भजनाची पेटी आहे आणि जे संध्याकाळी शेजारच्या वाड्यावर कीबोर्ड किंवा पियानो शिकायला जातात. ही मुले स्वतः गाणी करतात, मराठीतही करतात आणि भीतभीत वहीतून दाखवतात. त्यांतील बरीच गाणी उदास असतात. त्यावर मोठ्यांचा ठरलेला शेरा असतो : या वयात एवढी उदासी कशाला? हा शेरा गाण्याच्या कारागिरीकडे पाहतही नाही. 'टायडल' ऐकताना मला या शेऱ्याचे उत्तर सापडत गेले. त्या उत्तराचे दोन भाग आहेत. गाण्यातली उदासी ही बांधावी लागते, आणि ती कशी बांधली आहे हे शब्द व सूर एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

अल्बमची ओळख

फिओना ॲपलचा जन्म १३ सप्टेंबर १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आई गायिका, वडील अभिनेते. पियानो ती लहानपणापासून वाजवत होती आणि शाळकरी वयातच स्वतःच्या रचना करू लागली होती. तिच्या काही गाण्यांची टेप ओळखीतून अँड्र्यू स्लेटर या निर्मात्यापर्यंत पोहोचली आणि त्याच्याच देखरेखीखाली 'टायडल'चे ध्वनिमुद्रण झाले. २३ जुलै १९९६ रोजी अल्बम प्रसिद्ध झाला तेव्हा ती १८ वर्षांची होती. अल्बममध्ये १० गाणी आहेत आणि सर्वांचे शब्द व चाली तिच्या आहेत. यातील 'क्रिमिनल' या गाण्यासाठी तिला १९९८ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एकट्या अमेरिकेत अल्बमच्या ३० लाख प्रतींची नोंद झाली. पुढे तिने अल्बम मोजकेच केले. २०२० चा 'फेच द बोल्ट कटर्स' हा पाचवा.

गाण्यांचा मूळ सांगाडा पियानो आणि आवाज असा आहे. आवाज ढाला, वयाच्या मानाने फार पिकलेला. भोवती मॅट चेंबरलेनचे ड्रम, जॉन ब्रायनचा व्हायब्राफोन, आणि पॅट्रिक वॉरनने वाजवलेले चेंबरलिन. चेंबरलिनच्या पट्ट्या दाबल्या की निरनिराळ्या वाद्यांचे आधी टेपवर मुद्रित केलेले सूर वाजतात. 'नेव्हर इज अ प्रॉमिस' या गाण्यातील तंतुवाद्यांची रचना व्हॅन डाइक पार्क्स यांची आहे. एवढी मंडळी असूनही आपले लक्ष पियानोवरून हलत नाही.

धातु आणि मातु

या प्रकारच्या कलावंतासाठी आपल्याकडे फार जुना शब्द आहे : वाग्गेयकार. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त गीताचे दोन घटक सांगितले. शब्दरचना म्हणजे मातु आणि स्वररचना म्हणजे धातु. दोन्ही ज्याला साधतात तो वाग्गेयकार. त्याच्या प्रतवारीत एक मार्मिक गोष्ट आहे. धातु उत्तम पण मातु दुबळा असेल तर तो रचनाकार मध्यम. मातु रम्य पण धातु दुबळा असेल तर तो अधम. दुसऱ्याने बांधलेल्या चालीवर शब्द बसवणाऱ्याला त्याने वेगळेच नाव दिले आहे, कुट्टिकार.

भाषेच्या शिक्षकांना ही प्रतवारी खटकेल. आपण नेमके उलटे गुण देतो. शार्ङ्गदेवाचा निवाडा जसाच्या तसा स्वीकारण्याची गरज नाही. पण गीताची परीक्षा कागदावर पूर्ण होत नाही, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही. 'टायडल'मधील काही ओळी कागदावर अवजड दिसतात. शेवटच्या गाण्याचे नावच 'कॅरियन' आहे, म्हणजे मेलेल्या जनावराचे मांस. मरून गेलेल्या प्रेमासाठी अठरा वर्षांच्या मुलीने हा शब्द काढावा, हे वाचताना थोडे दिखाऊ वाटू शकते. ऐकताना तसे वाटत नाही. गाणे संथ आहे, आवाज ताणलेला नाही आणि त्या कठोर शब्दाला बसायला चालीत आधीच जागा केलेली आहे. मातुचे ओझे धातु उचलतो तो असा.

डावा हात

पेटी आणि पियानो दोन्हींना पट्ट्या असतात, म्हणून आपण त्यांना एका कुळातले समजतो. प्रत्यक्षात दोघांचा स्वभाव भिन्न आहे. पेटीचा सूर भात्याच्या हवेवर चालतो; हवा आहे तोवर तो सलग वाजतो. पियानोत पट्टी दाबली की लहानसा हातोडा तारेवर आपटतो आणि सूर त्या क्षणापासून विरू लागतो. पायाखालच्या पेडलने तो लांबवता येतो, पण विरण्यापासून वाचवता येत नाही. पेटीवरच्या गाण्यात शब्दांना अखंड आधार असतो. पियानोवरच्या गाण्यात आधार येतो आणि ओसरतो. दोन आघातांच्या मधली जी पोकळी असते, तिथे गाणारी व्यक्ती एकटी पडते. या अल्बमच्या उदासीचे पहिले कारण हे असे यांत्रिक आहे.

दुसरे कारण डाव्या हाताचे. आपल्या पेटीवाल्याचा डावा हात भाता हलवण्यात गुंतलेला असतो. पियानो वाजवणाऱ्याचा डावा हात मोकळा असतो आणि तो खालचे सूर वाजवतो. वरच्या चालीचा अर्थ हे खालचे सूर बदलू शकतात. हे शब्दांत सांगण्यापेक्षा वर्गात करून दाखवावे. कीबोर्डवर डाव्या हाताने सा-ग-प हे तीन सूर एकत्र धरावेत आणि एका विद्यार्थ्याला शुद्ध गंधारावर फक्त 'ये' एवढा शब्द गायला सांगावे. मग गाणाऱ्याने सूर न बदलता, डाव्या हाताने खालचा ध, सा आणि ग असे तीन सूर धरावेत. तोच शब्द, तोच गंधार. पण पहिले 'ये' बोलावणे वाटते आणि दुसऱ्यात सावट येते. शब्द तसाच राहिला आणि भाव पालटला. तानपुऱ्याच्या स्थिर षड्जावर वाढलेल्या आपल्या कानांना ही सोय नवी आहे. आपल्याकडे भाव पालटायचा तर बहुधा गाणाऱ्याने स्वर पालटायचा असतो.

'क्रिमिनल'मध्ये डाव्या हाताचे काम स्पष्ट ऐकू येते. गाण्याची निवेदिका एका पुरुषाशी निष्काळजीपणे, क्रूरपणे वागल्याची कबुली देते आणि क्षमेची वाट विचारते. कबुलीचे शब्द वाचले तर पश्चात्ताप दिसतो. पियानो मात्र खालच्या सुरांवर तुटक, ठसक्यात पडत राहतो; त्यात थोडा गर्व आहे, थोडी मौजही. शब्द म्हणतात, मी चुकले. हात म्हणतात, मला त्यात गोडी वाटली. गाण्याचा अर्थ या दोघांच्या भांडणात आहे. म्हणूनच शब्द संपल्यावरही वाद्ये बराच वेळ चालू राहतात. भांडण मिटलेले नसते.

'शॅडोबॉक्सर' याच्या उलट वाटेने जाते. नावातला मुष्टियोद्धा स्वतःच्या सावलीशी सराव करणारा आहे. पूर्वीचा प्रियकर आता मित्र म्हणून जवळ येतो आहे आणि ती सावध पवित्र्यात उभी आहे. विषय लढाईचा असूनही लय झुलती आहे, आपल्याला दादऱ्याची आठवण व्हावी अशी. पवित्रा घेतलेली व्यक्ती आतून किती डळमळते आहे, हे त्या झुलण्यातून कळते. शब्दांत ते सांगावे लागत नाही.

'उदास' हा शब्द कोणाचा?

अल्बममधील दुसरे गाणे 'सलन गर्ल'. सलन म्हणजे घुमी, तोंड पाडून बसलेली, कोणाशी धड न बोलणारी. हा शब्द तिने स्वतःसाठी निवडलेला नाही. लोक तिला तसे म्हणतात. आपण कधीकाळी खोल, निवांत समुद्रात शीड सोडून फिरत होतो, हे त्यांना ठाऊक नाही, असे ती सांगते. नंतर कोणीतरी तिला किनाऱ्यावर आणून टाकले. लहान वयात आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराशी या गाण्याचा संबंध असल्याचे फिओना ॲपलने पुढे स्वतः जाहीरपणे सांगितले. गाण्यात घटनेचे वर्णन नाही. समुद्र आहे, किनारा आहे आणि रिकामेपण आहे. साथ मोजकी, आवाज खालच्या पट्टीत. ओरडण्यासारखे जे आहे ते ती पुटपुटल्यासारखे गाते, आणि ऐकणाऱ्याला पुढे वाकून ऐकावे लागते.

या अल्बमचे वर्णन करताना 'मूडी' हे विशेषण हमखास येते. ते चुकीचे नाही, पण ते बाहेरून लावलेले आहे आणि अल्बमच्या दुसऱ्याच गाण्याने त्याची उलटतपासणी केली आहे. घुमी मुलगी हे तुम्ही दिलेले नाव. त्याच्या मागे काय आहे ते तुम्ही विचारले का? माझ्या मते 'टायडल'चे मोठेपण या प्रश्नात आहे. तिने विशेषण नाकारले नाही आणि मिरवलेही नाही. त्याच्या आत शिरून ते कशाचे बनले आहे हे तिने सुरांत मांडले.

'नेव्हर इज अ प्रॉमिस' या नावातही शब्दाची अशीच तपासणी आहे. 'कधीच नाही' असे म्हणणे म्हणजेसुद्धा एक वचन देणे. इतक्या सोप्या शब्दाला कोणी इतके गांभीर्याने घेतले की त्यातून गाणे निघते. आपल्या विद्यार्थ्यांना प्रतिमा शोधायला सांगण्याआधी रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द असा धरून ठेवायला शिकवले पाहिजे.

मराठीत लिहिताना

पियानोवर इंग्रजी गाणे ऐकून मराठीत तसे लिहू पाहणारा विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडखळतो. इंग्रजी शब्दात आघाताची जागा ठरलेली असते. ती लयीच्या ठोक्याशी जुळली की शब्द बोलल्यासारखा वाटतो. जुळली नाही की शब्द मोडतो. इंग्रजी गीतकाराचे अर्धे कसब या जुळवणीत जाते. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपला हिशेब ऱ्हस्व-दीर्घाचा, लघु-गुरूचा आहे. त्यामुळे मराठी गीतकाराला ठोक्याच्या बाबतीत अधिक मोकळीक आहे, मात्र लांबीच्या बाबतीत तो बांधलेला आहे. 'दिवस' या शब्दातला 'दि' ओढला की कानाला बोचतो. 'वारा'तला 'वा' हवा तितका लांबवता येतो.

दुसरी गोष्ट शब्दाच्या शेवटाची. बोलताना आपण 'मन', 'घर', 'वाट' यांतला शेवटचा 'अ' उच्चारत नाही; शब्द व्यंजनावर मिटतो. भजनात पेटीच्या सलग सुरावर तोच 'अ' परत येतो आणि लांबतो, कारण सूर चालूच असतो. पियानोवर सूर विरत असताना हा 'अ' ओढला, तर भाषा भजनी वळणाची वाटू लागते. विद्यार्थ्यांची गाणी 'कृत्रिम' वाटतात त्यामागे अनेकदा हे कारण असते. त्यांचे शब्द बोलीतले असतात आणि उच्चार भजनातला. उपाय सोपा आहे. जिथे शांतता हवी तिथे ओळ 'वाट', 'रात', 'दार' अशा मिटणाऱ्या शब्दावर संपवावी आणि तो शब्द बोलतो तसाच मिटू द्यावा. जिथे सूर पुढच्या कॉर्डपर्यंत पोहोचवायचा आहे तिथे 'वारा', 'किनारा', 'ओहोटी' असा उघडा शब्द ठेवावा.

तिसरी गोष्ट ओळीच्या जागेची. 'स्लो लाइक हनी' या संथ गाण्यात ओळी ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतात. जॅझ गायकीत ही रीत जुनी आहे आणि बिली हॉलिडे तिच्यासाठी प्रसिद्ध. आपल्या ठुमरी-भावगीतांनाही ती परकी नाही. पण अशा रेंगाळण्यासाठी ओळीत जागा मोकळी ठेवावी लागते. आठ-आठ मात्रांचे पादाकुलक काठोकाठ भरले तर गाणाऱ्याला मागे राहायला वावच उरत नाही. म्हणून विद्यार्थ्याला मी सांगते : सोळा मात्रांची ओळ लिही, मग तिच्यातले एक विशेषण काढून टाक आणि त्या जागी काहीही भरू नकोस.

वर्गासाठी पाठ

या अल्बमवर किंवा अशाच एखाद्या ध्वनिमुद्रिकेवर तीन तासांचा पाठ घेता येतो.

पहिल्या तासाला 'सलन गर्ल' शब्द न देता दोनदा ऐकवावे. विद्यार्थ्यांनी अर्थ लिहायचा नाही. पियानो कुठे थांबतो, आवाज कुठे खाली जातो, कोणत्या ठिकाणी आपण पुढे झुकून ऐकले, एवढेच टिपायचे.

दुसऱ्या तासाला शब्द वाचावेत, संगीताविना. कोणती ओळ कागदावर दुबळी वाटली ते प्रत्येकाने ठरवावे. मग गाणे पुन्हा लावून तीच ओळ ऐकावी आणि निवाडा बदलला का, हे कारणासह लिहावे. निवाडा बदलला नाही तरी चालेल. कारण देता आले पाहिजे.

तिसऱ्या तासाला लेखन. स्वतःला किंवा एखाद्या कल्पित व्यक्तीला लोकांनी लावलेले एक विशेषण घ्यावे : हट्टी, घुमा, आगाऊ, लाजाळू. त्यावर आठ ओळी लिहाव्यात. ते विशेषण एकदाच यावे. ओळींच्या शेवटी मिटणारे शब्द कोणते आणि उघडे कोणते हे खुणेने दाखवावे. ज्याला वाजवता येते त्याने दोनच कॉर्ड वापराव्यात. शब्दांत कोकणी, कानडी, हिंदी किंवा गुजराती मिसळली तर ती खोडू नये. घरात ज्या शब्दाने रागावतात किंवा समजूत काढतात, तोच शब्द गाण्यात खरा उतरतो.

या पाठात शिक्षकावर एक जबाबदारी येते आणि ती टाळता येत नाही. विद्यार्थ्याचे उदास लेखन बहुतेक वेळा लेखनच असते आणि त्याला लेखन म्हणूनच वागवावे. 'काहीतरी आनंदी लिही' असे सांगणे म्हणजे त्याचा डावा हात बांधून ठेवणे. पण कधीतरी एखाद्या वहीत रूपकाच्या आड खरी इजा दिसते. तेव्हा गुण, मात्रा, प्रतिमा सगळे बाजूला ठेवून त्या मुलाशी किंवा मुलीशी एकांतात, घाई न करता बोलावे. 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन मात्र देऊ नये, कारण अल्पवयीनावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांपर्यंत पोहोचवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावलेला असावा. पाळता न येणारे वचन न देणे, हा धडा 'नेव्हर इज अ प्रॉमिस' या नावातही आहे.

मराठीत वाग्गेयकारांची परंपरा खंडित झालेली नाही, पण तिच्याकडे पाहण्याची आपली सवय विभागलेली आहे. शब्द मराठीच्या तासाला, सूर संगीताच्या तासाला आणि वाजवणारे हात कुठल्याच तासाला नाहीत. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वर्गात मात्र पेटी आणि पियानो दोन्ही ऐकलेली, दोन-तीन भाषांत वावरणारी मुले बसलेली असतात. त्यांच्यातल्या एखाद्याने मराठीत गाणे करून आणले, तर वही मागण्याआधी त्याला ते गाऊन दाखवायला सांगावे.